दीक्षा कोणाची? प्रसूतिकक्षातील शिकाऊ डॉक्टरच्या अनुभवकथनाची समीक्षा

गोषवारा

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या किंवा नुकतीच पदवी घेतलेल्या डॉक्टरने प्रसूतिकक्षातील आपला अनुभव सांगणे हा आधुनिक साहित्यातील एक ओळखीचा प्रकार आहे. मिखाईल बुल्गाकोव्ह यांची १९२५ मधील रशियन कथा आणि ॲडम के यांची २०१७ मधील इंग्रजी दैनंदिनी या दोन संहितांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रकाराची समीक्षा केली आहे. अशा लेखनात डॉक्टरची घडण केंद्रस्थानी येते आणि जिच्या देहावर ही घडण होते ती माता कडेला जाते, हे येथील मुख्य निरीक्षण होय. या ऋणाची जाणीव संहिता कितपत ठेवते, हा तिच्या मूल्यमापनाचा एक निकष असावा, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. या म्हणण्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. पहिली, प्रसूती ही मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतण्याची घटना आहे. दुसरी, त्या घटनेची नायिका माता आहे. नवे आयुष्य मुलाइतकेच तिलाही मिळते. याउलट ज्या रशियन कथेचा विचार आपण करणार आहोत तिच्या शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘फिरवण्यातून बाप्तिस्मा’ असा होतो. ‘फिरवणे’ म्हणजे गर्भाशयात आडवे असलेले मूल हाताने फिरवून पायांकडून बाहेर काढणे. बाप्तिस्मा हाही एक पुनर्जन्मच असतो. मात्र या कथेत तो मातेचा नसून तिच्यावर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरचा आहे.

एका घटनेवर अशा रीतीने दोन पुनर्जन्मांचा हक्क सांगितला जातो. लोकभाषेने तो बाळंतिणीला दिला. आधुनिक वैद्यकीय अनुभवकथनाने डॉक्टरला दिला. हा बदल का व कसा झाला आणि त्यातून साहित्याचे काय कमावले, काय गमावले, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. ‘शिकाऊ डॉक्टर’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. पदवी हाती आलेली असली तरी ज्याचा हात अजून शिकतो आहे, तोही या संज्ञेत अभिप्रेत आहे.

शिकाऊ हाताचा इतिहास

साहित्यकृतींकडे वळण्यापूर्वी एका ऐतिहासिक वस्तुस्थितीची नोंद घेणे आवश्यक आहे. प्रसूती घरातून रुग्णालयात आली, त्यामागे उपचाराइतकेच अध्यापनाचेही कारण होते. मोठ्या शहरांतील प्रसूतिगृहांत प्रामुख्याने गरीब स्त्रिया येत आणि त्यांच्या प्रसूतींवर विद्यार्थी शिकत. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० पासून प्रसूतीचे दोन विभाग वेगळे चालविले जात. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात प्रसाविका. १८४६ या वर्षी पहिल्या विभागातील मातांचा मृत्युदर ११.४ टक्के होता, तर दुसऱ्या विभागातील २.८ टक्के. तेथे साहाय्यक असलेल्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये या तफावतीचे कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत आणि त्याच हातांनी मातांची तपासणी करीत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम लागू झाल्यावर १८४८ मध्ये पहिल्या विभागाचा मृत्युदर सुमारे १.३ टक्क्यांवर आला.

या प्रसंगातील एक तपशील साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा. पहिल्या विभागात दाखल करू नये म्हणून स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून विनवण्या करीत, असे स्वतः सेमेलवाइस यांनी नोंदविले आहे. म्हणजे डॉक्टरांना कारण कळण्यापूर्वीच मातांना परिणाम ठाऊक होता. त्यांचे हे ज्ञान विनवणीच्या रूपाने समोर येत होते. परंतु त्याला ज्ञान म्हणून कोणी ऐकले नाही. शिकाऊ डॉक्टरची प्रसूतिकक्षातील उपस्थिती कधीच तटस्थ नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. त्याच्या शिकण्याची किंमत असते आणि ती दुसरे कोणी तरी देत असते.

सेमेलवाइस यांच्या आयुष्यावर १९२४ मध्ये पॅरिसमध्ये वैद्यकीय पदवीसाठी एक प्रबंध लिहिला गेला. तो लिहिणारा विद्यार्थी म्हणजे पुढे सेलीन या नावाने प्रसिद्धीस आलेला कादंबरीकार होय. त्यानंतरच्याच वर्षी बुल्गाकोव्ह यांची प्रस्तुत कथा प्रकाशित झाली. या दोन लेखनांत परस्परसंबंध असल्याचे सुचवावयाचे नाही. मात्र वैद्यकाच्या शिक्षणातून आलेले लेखक त्याच सुमारास प्रसूतिकक्षाकडे साहित्याचा विषय म्हणून पाहू लागले होते, हे लक्षणीय आहे.

बुल्गाकोव्ह : पुस्तकातले ज्ञान आणि प्रसाविकेचे बोलणे

बुल्गाकोव्ह यांनी १९१६ मध्ये कीव्ह येथून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि त्याच वर्षी स्मोलेन्स्क प्रांतातील निकोल्स्कोये या खेड्यातील रुग्णालयात ते रुजू झाले. सुमारे एक वर्षाच्या तेथील सेवेबद्दल त्यांना जे प्रमाणपत्र मिळाले त्यात २११ आंतररुग्णांची नोंद आहे. केलेल्या शस्त्रक्रियांच्या यादीत मूल पायांवर फिरवून केलेल्या प्रसूतींची संख्या ३ आहे. प्रमाणपत्र संख्या सांगते. कथा मात्र त्यांतील एकीलाच, तेही पहिलीला, अर्थ देते. बाकीच्या प्रसूती यादीत राहतात. अनुभवाचे साहित्य होताना पहिली निवड येथेच होते. जी घटना डॉक्टरला बदलते, तिचीच कथा होते.

ही कथा १९२५ मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका रशियन नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचे कथानक थोडक्यात असे. पावसाळी रात्री निवेदक डॉक्टरला रुग्णालयात बोलावणे येते. दुल्त्सेवो गावाहून एका अडलेल्या स्त्रीला आणलेले असते. तपासणीत मूल आडवे असल्याचे आढळते. डॉक्टरला विद्यार्थिदशेतील प्रसूतिगृह आठवते : झगझगीत दिवे, चकचकीत नळ, पांढऱ्याशुभ्र वेषातील अध्यापक आणि त्याच्याभोवतीचा साहाय्यक व विद्यार्थी यांचा गराडा. तेथे सारे सुरक्षित होते, कारण जबाबदारी दुसऱ्याची होती. स्वतः जवळून त्याने दोनच प्रसूती पाहिलेल्या असतात, आणि त्या दोन्ही सुरळीत झालेल्या. आता तो एकटा असतो आणि समोरच्या स्त्रीच्या जिवाचे उत्तर त्यालाच द्यावयाचे असते.

कथेचे मर्म यापुढील दोन क्षणांत आहे. पहिला क्षण निर्णयाचा. काय करावयाचे हे डॉक्टर उच्चारण्याआधीच अनुभवी प्रसाविका आन्ना निकोलायेव्हना स्वतःशीच बोलल्यासारखे ते उच्चारते. डॉक्टर मग गंभीरपणे तेच वाक्य आपले म्हणून पुन्हा म्हणतो. रुग्णालयातील अधिकाराची सारी उतरंड या एका प्रसंगात उघडी पडते. ज्ञान प्रसाविकेकडे आहे, अधिकार डॉक्टरकडे आहे आणि शिष्टाचार असा की, ज्ञानाने अधिकाराला आपण सुचविल्याचे दाखवू नये.

दुसरा क्षण त्याहून सूक्ष्म आहे. सिगारेटी विसरल्याचे निमित्त करून डॉक्टर आपल्या खोलीकडे धावतो आणि ड्योडरलाइन यांचा शस्त्रक्रियात्मक प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथ उघडतो. पानोपानी त्याला धोकेच दिसतात. गर्भाशय फाटण्याची शक्यता दिसते. परंतु हाताने नेमके काय करावयाचे ते काही उमगत नाही. परत आल्यावर तो हात धूत असताना आन्ना निकोलायेव्हना त्याच्या आधीचे डॉक्टर ही क्रिया कशी करीत, ते सहज गप्पांच्या ओघात सांगते. अर्धवट वाक्ये, ओझरते उल्लेख एवढेच तिचे सांगणे. परंतु परीक्षेसाठी वाचलेल्या सगळ्याहून त्या दहा मिनिटांनी आपल्याला अधिक दिले, अशी कबुली निवेदक देतो. तिने त्याला शिकविले, पण तो शिकतो आहे असे त्याला वाटू दिले नाही. तरुण वरिष्ठाची प्रतिष्ठा राखून त्याला मार्ग दाखविणारी ही प्रसाविका जागतिक साहित्यातील उत्तम शिक्षकांमध्ये गणली जावी.

क्रिया यशस्वी होते. निळे पडलेले मूल पुन्हा श्वास घेऊ लागते, माता वाचते. मराठी माणूस अशा मुलाला ‘पायाळू’ म्हणेल. पायाळूला भूमीतले गुप्तधन दिसते, त्याची लाथ लागली की उसण जाते, अशा समजुती आपल्या लोकपरंपरेत आहेत. संकटातून आलेल्या जन्माचे गुण आपली परंपरा मुलाच्या खात्यावर जमा करते. बुल्गाकोव्ह यांच्या कथेत मात्र गुप्तधन डॉक्टरला सापडते. रात्री तोच ग्रंथ पुन्हा उघडल्यावर मघाची अगम्य पाने त्याला स्वच्छ कळू लागतात. खेड्यात मोठा अनुभव मिळू शकतो, मात्र वाचन सतत वाढविले पाहिजे, असा निष्कर्ष तो काढतो आणि कथा संपते.

ग्रंथ आणि अनुभव यांतील नाते इतक्या थोडक्यात व विनोदाची झाक ठेवून क्वचितच कोणी मांडले असेल. तरीही एक प्रश्न उरतो. या ज्ञानसाखळीचा पहिला दुवा ती स्त्री आहे. तिच्या गावाचे नाव कथेत येते, तिचे स्वतःचे येत नाही. वेदनेच्या हाकांपलीकडे तिचे काही म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि निर्णायक घटकेला तर तिला गुंगी दिलेली असते. डॉक्टरच्या आयुष्यातील ही मोठी घटना जिच्यामुळे घडली ती त्या घटनेला शुद्धीवर नसते. बुल्गाकोव्ह यांनी प्रसाविकेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. मातेचे ऋण मात्र कथेच्या भूमितीतच बसत नाही. ही त्रुटी लेखकाच्या सहृदयतेतील नाही, कारण स्त्रीच्या जिवाची धास्ती त्याच्या प्रत्येक वाक्यात आहे. ती दीक्षाकथा या रूपबंधाची मर्यादा आहे. दीक्षाकथेला एकच नायक चालतो.

ॲडम के : विनोदाचा शेवट

बुल्गाकोव्ह यांच्यानंतर जवळजवळ शतकभराने आलेली ॲडम के यांची दैनंदिनी वरवर पाहता अगदी निराळी आहे. २००४ ते २०१० या काळात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यांनी केलेल्या नोकरीच्या नोंदी २०१७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील मोठा भाग स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील प्रशिक्षणाचा आहे. खेड्यातील एकाकीपणाच्या जागी येथे महानगरी रुग्णालयातील गर्दी आहे. मार्गदर्शक वरिष्ठ कागदोपत्री असतात. परंतु रात्रपाळीला शिकाऊ डॉक्टर बुल्गाकोव्ह यांच्या नायकाइतकाच एकटा असतो. प्रकरणांची रचना पदोन्नतीच्या पायऱ्यांनुसार आहे. म्हणजे दीक्षेचा आराखडा येथेही कायम आहे. फक्त एका रात्रीच्या दीक्षेऐवजी ती वर्षानुवर्षे चालते.

या लेखनाचे प्रमुख साधन विनोद आहे. अपुरी झोप, वाढत जाणारी पाळी, मोडत चाललेले खाजगी आयुष्य हे सारे विनोदाच्या आवरणातून येते. रुग्णांची नावे बदलताना लेखकाने मुख्यतः हॅरी पॉटर कादंबऱ्यांतील दुय्यम पात्रांची नावे घेतली आहेत. गोपनीयतेसाठी नावे बदलणे योग्यच होते. परंतु या निवडीतून संहितेचा दृष्टिकोनही नकळत प्रकट होतो. बुल्गाकोव्ह यांच्या कथेत माता अनामिक आहे. येथे तिला नाव आहे, पण ते दुय्यम पात्राचे. २०२२ मध्ये या पुस्तकावर आधारित दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा तिच्यात प्रसववेदना सोसणाऱ्या स्त्रियांचे चित्रण थट्टेचा विषय म्हणून झाल्याची टीका ब्रिटनमध्ये झाली. ही टीका सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

असे असूनही या पुस्तकाचा शेवट त्याला वेगळ्या पातळीवर नेतो. वार खाली सरकलेली असल्याचे आधी निदान न झालेल्या एका मातेवर शस्त्रक्रिया होते. मूल दगावते, तिचे गर्भाशय काढावे लागते आणि तिला अतिदक्षता विभागात हलवावे लागते. त्या वेळी कक्षातील वरिष्ठ डॉक्टर निवेदक स्वतः असतो. त्याने नियमबाह्य असे काही केलेले नसते. चौकशीतही ठपका येत नाही. परंतु यानंतर दैनंदिनीतील विनोद थांबतो आणि थोड्याच काळात लेखक हा व्यवसाय सोडतो. वाचकाला येथे जाणवते की, एवढा वेळ चाललेला विनोद हा भीती झाकण्याचा मार्ग होता.

दीक्षाकथेच्या दृष्टीने हा शेवट क्रांतिकारक म्हणावा लागेल. बुल्गाकोव्ह यांच्या नायकाला यशाने डॉक्टर केले. के यांच्या निवेदकाला अपयशाने डॉक्टर राहू दिले नाही. मातेची हानी येथे डॉक्टरच्या घडणीत विरघळून जात नाही. ती शिल्लक राहते आणि कथनच तोडून टाकते. या अर्थाने विनोदी दैनंदिनी ऋणाच्या जाणिवेत गंभीर कथेच्या पुढे जाते. मात्र पुस्तकाचा समारोप आरोग्यमंत्र्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्राने होतो आणि तेथे विषय डॉक्टरांच्या हालअपेष्टांचा आहे. मालिकेत तर श्रुती आचार्य या काल्पनिक शिकाऊ डॉक्टरच्या आत्महत्येतून हाच विषय अधिक तीव्र केला आहे. हा मुद्दा रास्त व निकडीचा आहे. तरीही त्या शस्त्रक्रियेतून वाचलेल्या मातेचे पुढे काय झाले, तिने आपल्या रिकाम्या हातांना काय उत्तर दिले, हे वाचकाला कळत नाही.

खाटेच्या दोन्ही बाजू : आनंदीबाईंचे उदाहरण

शिकाऊ डॉक्टर आणि माता हे दोन अनुभव परस्परांपासून नेहमीच दूर असतात काय? मराठी समाजाला याचे उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय साहाय्याचा अभाव हे त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागील एक कारण मानले जाते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली; त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, प्रत्यक्ष व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला.

आनंदीबाई आधी बाळंतीण होत्या, मग विद्यार्थिनी झाल्या. येथे शिकणारी आणि सोसणारी व्यक्ती एकच आहे. त्यांना आयुष्य लाभते तर प्रसूतिकक्षातील अनुभवकथनाचा एक निराळा नमुना मराठीत निर्माण झाला असता, असे अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु समीक्षेने अनुमानावर विसंबू नये. त्यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिले, पुढे १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली आणि मराठी वाचकाच्या मनातील आनंदीबाई प्रामुख्याने या लेखनातून घडल्या. त्यांच्या उदाहरणाचा उपयोग येथे एवढाच की, डॉक्टरची जागा व मातेची जागा यांमधील अंतर निसर्गाने घातलेले नाही. ते संस्थेने व कथनाच्या प्रथेने घातलेले आहे.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

प्रस्तुत प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की, प्रथमपुरुषी निवेदनात निवेदकाला जे कळते तेवढेच येणार. डॉक्टरने मातेच्या मनात शिरण्याचा प्रयत्न केला तर तो तिच्या अनुभवावर दुसरे अतिक्रमण ठरेल. हा आक्षेप गंभीर आहे. मातेचा आवाज डॉक्टरने उसना घ्यावा, अशी अपेक्षा येथे मुळीच नाही. अपेक्षा एवढीच की, आपल्याला काय ऐकू आले नाही याचे भान त्याच्या कथनात असावे. मौन आणि विस्मरण यांत फरक आहे. के यांच्या पुस्तकाच्या अखेरीस विनोद थांबतो ते मौन आहे. बुल्गाकोव्ह यांच्या नायकाचे ग्रंथाकडे समाधानाने परतणे हे, कितीही मोहक असले तरी, विस्मरण आहे.

दुसरा आक्षेप असा की, शिकाऊ डॉक्टर स्वतःच व्यवस्थेचा बळी आहे. त्याच्याकडून ऋणाचा हिशेब मागणे अन्याय्य होय. त्याचे हाल खरे आहेत. परंतु एकाच खोलीत दोन माणसे सोसत असताना एकाचे सोसणे साहित्य होते आणि दुसरीचे तपशील होते, याचे कारण विचारणे हे समीक्षेचे कामच आहे. येथे दोष व्यक्तीला द्यावयाचा नसून प्रथेला द्यावयाचा आहे.

निष्कर्ष

१. रुग्णालयातील प्रसूतीवरील शिकाऊ डॉक्टरचे अनुभवकथन मूलतः दीक्षाकथेच्या रूपबंधात घडते. त्यामुळे लोकपरंपरेने मातेला दिलेला पुनर्जन्म या कथनात डॉक्टरकडे सरकतो.

२. बुल्गाकोव्ह यांच्या कथेचे श्रेष्ठत्व ग्रंथज्ञान व अनुभव यांतील नाते आणि प्रसाविकेचे मौखिक ज्ञान मान्य करण्यात आहे. मातेच्या बाबतीत मात्र रूपबंधाची मर्यादा ती ओलांडत नाही.

३. के यांची दैनंदिनी कलादृष्ट्या अधिक विस्कळीत असली तरी तिचा शेवट दीक्षेचा आराखडा मोडतो आणि मातेच्या हानीला शिकवणुकीत रूपांतरित होऊ देत नाही.

४. भारतात २०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे. प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणुकीचा आग्रह धरणारा केंद्र शासनाचा ‘लक्ष्य’ हा उपक्रम २०१७ पासूनचा आहे. अशा शिक्षणात साहित्यकृतींचा उपयोग करावयाचा झाल्यास त्या केवळ डॉक्टरच्या धैर्यकथा म्हणून शिकविल्या जाऊ नयेत. संहितेत कोणाचे नाव नाही, निर्णय आधी कोणी उच्चारला, कोण शुद्धीवर नव्हते, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावे लागतील. आणि हे प्रश्न विचारण्याची सवय लावणे भाषा व साहित्याच्या अध्यापकाला चांगले जमते.

व्हिएन्नातील स्त्रियांची विनवणी ऐकली गेली असती, तर आकडे जुळण्याची वाट पाहावी लागली नसती. शिकणाऱ्याचा हात स्वच्छ असावा हे वैद्यकाने १८४७ मध्ये सिद्ध केले. त्याचा कानही उघडा असावा, हे सांगण्याचे काम साहित्याचे आणि त्याच्या समीक्षेचे आहे.